देशभक्ती वाढली की नुसता आवाज वाढला?

चाळकरी (धागाकर्ता)
बरेच दिवस लिहायचं डोक्यात होतं, टाइप करायच्या कंटाळ्यामुळे राहून जात होतं, आता पंधरा ऑगस्ट होऊन गेलाच आहे तर लिहूनच टाकतो. जन्म लालबागच्या चाळीतला, नोकरी बँकेत झाली, चाळीचा टॉवर झाला आणि हल्ली बाविसाव्या मजल्यावर असतो. दीडशेच्या वर फ्लॅट आहेत. झेंडावंदनाला खाली विसेक डोकी, त्यातली निम्मी आमच्यासारखी पेन्शनर, बाकी वॉचमन, सफाईवाले आणि माळी. आणि त्याच वेळी सोसायटीच्या ग्रुपवर बघाल तर तिरंगे, वाघ, विमानं, शत्रूला कसं चेपलं पाहिजे त्याचे फॉरवर्ड, दुपारपर्यंत मोबाईल गरम. हे गणित मला काही सुटत नाही.

१९६५ ला मी दुसरी-तिसरीत असेन. शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा म्हणून सांगितलं तर आमच्या मजल्यावर सोमवारी संध्याकाळी एक स्टोव्ह पेटायचा नाही, आणि कोणी तपासायला येत नव्हतं हो. ७१ ला ब्लॅकआउट, खिडक्यांना खाकी कागद, गाड्यांचे दिवे अर्धे काळे केलेले, खालून कोणीतरी 'ए, दिवा घालव' म्हणून ओरडलं की अख्खी चाळ अंधारात. आता नातू विचारतो, आजोबा थिएटरमधे राष्ट्रगीताला का उभं राहायचं, तिकीट तर पिक्चरचं काढलंय. त्याच्या वर्गातली पोरं कॅनडा बरं की जर्मनी यावर बोलत असतात. आणि जी देशभक्त म्हणवतात ती झेंडा बाईकला बांधून ट्रिपल सीट, राँग साईडने. मला खरंच काळजी वाटते, मूल्यं म्हणून आपण जे काही मानत होतो ते चाललंय कुठे? राजकारण आणू नका ही विनंती.

तिरकस
राजकारण आणू नका म्हटलंय म्हणजे प्रतिसादांची शंभरी नक्की. जागा धरून बसलोय.

सव्वाआठची_लोकल
काका रागावू नका पण देशप्रेम हजेरीपटावर मोजायचं हे मला पटत नाही. जोडून सुट्टी आली की लोक अलिबागला जाणार, वर्षभर लोकलला लटकल्यावर माणसाला झोपावंसं वाटणार, त्यात देशद्रोह कुठे आला? आणि तुमच्या पिढीबद्दल एक. ६२ च्या युद्धानंतर पिक्चर संपला की राष्ट्रगीत लावायचे ना? ती प्रथा का बंद पडली ते आमच्या बाबांकडून ऐकलंय, लोक 'समाप्त'ची पाटी दिसायच्या आत दरवाज्याकडे पळायचे, बस पकडायची असायची. म्हणजे ५२ सेकंद उभं राहायला तेव्हाही जिवावरच यायचं. फक्त तेव्हा कोणी मोबाईलवर शूटिंग करत नव्हतं.

काळाकोट
थिएटरचा विषय निघालाय तर तारखा देऊन ठेवतो, नाहीतर नेहमीप्रमाणे प्रत्येकजण ऐकीव सांगणार. महाराष्ट्रात २००३ पासून पिक्चरच्या आधी राष्ट्रगीत लावतात. सुप्रीम कोर्टाने ३० नोव्हेंबर २०१६ ला देशभर सक्ती केली आणि ९ जानेवारी २०१८ ला तीच सक्ती स्वतःच काढून ऐच्छिक केली. १९७१ चा जो राष्ट्रीय सन्मानाचा कायदा आहे त्यात गुन्हा कशाला म्हटलंय, तर मुद्दाम कोणाला राष्ट्रगीत म्हणू न देणं किंवा ते चालू असताना गडबड करणं.

आणि नातवाला सांगायचंच असेल तर केरळची केस सांगा. यहोवाचे साक्षीदार म्हणून ख्रिश्चनांमधला पंथ आहे, त्यातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला नीट उभी राहायची पण गायची नाहीत, धर्माची अडचण. १९८५ मधे शाळेने काढून टाकलं. १९८६ ला सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं, कारण आदराने उभं राहिलं म्हणजे अपमान झाला नाही, आणि गायलाच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही. चाळीस वर्षं झाली त्याला. आज तीच केस एखाद्या चॅनलवर आली तर काय होईल याचा विचार करा, मग मूल्यं कोणाची आणि कुठल्या दिशेने बदलली ते बघू.

चाळकरी
काळाकोट, माहितीबद्दल आभार. पण सगळं कायद्यानेच करायचं म्हटलं तर आईवडिलांना नमस्कार करायचा पण कायदा नाहीये. मी सक्तीबद्दल बोलतच नाहीये, आतून का येत नाही ते विचारतोय.

मंगलदास_मार्केट
माझं कापडाचं दुकान आहे म्हणून कापडाबद्दलच बोलतो. ३० डिसेंबर २०२१ पर्यंत झेंडा म्हणजे हाताने कातलेलं, हाताने विणलेलं कापड, सुती, लोकर नाहीतर रेशमी खादी, दुसरं चालायचंच नाही. त्या तारखेला ध्वजसंहिता बदलली, मशीनचं पॉलिएस्टर चालू झालं, २०२२ च्या जुलैत रात्रीपण झेंडा ठेवायची परवानगी आली आणि ऑगस्टमधे घरोघरी तिरंगा. आमच्या गल्लीत त्या महिन्यात पॉलिएस्टरच्या झेंड्यांचे गठ्ठे हातगाडीवर उतरत होते, गठ्ठ्यावर बसून हमाल वडापाव खात होते, काही झेंड्यांत चक्र मधे नाही तर एका बाजूला सरकलेलं, काहींची शिवण तिथेच उसवलेली, आणि गिऱ्हाईक विचारतंय शंभराच्या वर घेतले तर रेट काय. मीपण विकले, खोटं कशाला बोलू, धंदा आहे.

पण याच काळबादेवीत १२ डिसेंबर १९३० ला बाबू गेनू परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. गिरणीत काम करणारा, विशीतला पोरगा, पुणे जिल्ह्यातून पोटासाठी आलेला. गल्लीला त्याचं नाव आहे, गिऱ्हाईकाला पत्ता सांगताना आम्ही ते दिवसातून दहा वेळा घेतो. आता हुबळीच्या, झेंडे बनवणाऱ्या खादीवाल्यांकडे ऑर्डर कमी झाल्या म्हणून ती मंडळी रडतात तेव्हा आपण म्हणतो, अहो पण खादीचा झेंडा महाग पडतो.

तिरकस
शंभरावर रेट काय. 😂 हे वाक्य धाग्याच्या नावात टाका.

इतिहासवेडा
बाबू गेनूचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. चाळकरी, तुम्ही लालबागचे, म्हणजे हे तुमच्या घरचंच आहे. १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, एका वर्षाला एक दिवस. हजारो माणसं, हातावर पोट, पगार कापला जाणार हे माहीत असून. रस्त्यावर गोळीबार झाला.

पण मला १९४६ चं जास्त सांगावंसं वाटतं कारण तुमच्या मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. १८ फेब्रुवारीला मुंबईतल्या 'तलवार' या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी बंड केलं, सुरुवात निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या इथून, मग जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचा लाल बावटा असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. पोरं सगळी अठरा-वीस-बावीसची. आणि मोठे काय म्हणाले? गांधीजींना ते बेशिस्त वाटलं, सरदार पटेलांनी शरण जा म्हणून सांगितलं, लीगनेही तेच सांगितलं. अरुणा असफअली वगैरे मोजके लोक सोडले तर वडीलधाऱ्यांपैकी कोणी पाठीशी नव्हतं. पाठीशी कोण होतं तर परळ-लालबाग-डिलाईल रोड. संप झाला, गोळीबार झाला, परळला कमल दोंदे गोळी लागून गेल्या, शहरात दोनशेच्या वर माणसं मेली. आज कुलाब्याला कुपरेजजवळ त्या बंडाचं स्मारक आहे, येणारेजाणारे त्याच्या कठड्याला टेकून मोबाईल बघत असतात. थोडक्यात, पोरांचं काही खरं नाही ही काळजी देशाइतकीच जुनी आहे, आणि तेव्हाची 'बेशिस्त' आज आपण अभिमानाने सांगतो.

चाळकरी
इतिहासवेडा, हे आवडलं. माझे वडील तेव्हा स्प्रिंग मिलमधे होते, संपाच्या गोष्टी सांगायचे. पण तुम्ही माझ्याच बाजूचं बोलताय ना? ती पोरं जिवावर उदार झाली, आताची डीपी बदलतात.

टोरांटोकर
कॅनडाचा उल्लेख आला म्हणजे आम्हाला बोलणं भाग आहे. 😀 २०२२ साली २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, हा संसदेत दिलेला आकडा आहे, पुढच्या वर्षीही दोन लाखांच्या वरच. त्यातल्या प्रत्येकाला देश नकोसा झालाय असं नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, इकडचा पासपोर्ट घेतला की तिकडचा जातो, राहतं ते ओसीआय कार्ड, त्यावर येता-जाता येतं पण मत देता येत नाही. मी पासपोर्ट जमा केला त्या दिवशी कार्यालयातल्या बाईने त्यावर शिक्का मारला, कोपरा कापला आणि 'नेक्स्ट' म्हणाली, मी पार्किंगमधे गाडीत अर्धा तास तसाच बसून होतो. इथे दर गणपतीत ढोल वाजवतो, मुलांना मराठी शाळेत नेतो. देशप्रेम काय पिनकोडवर असतं का?

सव्वाआठची_लोकल
टोरांटोकर, तुमच्याबद्दल नाही बोलत, पण माझ्या ओळखीत सगळ्यात कडक देशभक्तीचे मेसेज तिकडूनच येतात. इथे खड्डे भरायचे, रांगा लावायच्या, मत द्यायचं ते आम्ही आणि युद्ध करा म्हणून सांगणार तुम्ही. बॉम्ब पडला तर तो परळला पडेल, टोरांटोला नाही.

टोरांटोकर
हा टोला जिव्हारी लागला, पण तसले मेसेज मी पाठवत नाही. आणि मत द्यायचं म्हणालात तर मुंबईचा आकडा एकदा बघा.

फळा_खडू
मत देण्याचं मी सांगते, कारण मी मनपा शाळेत शिकवते आणि इलेक्शन ड्यूटी आमच्याच नशिबी. २० मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं, सोमवार, दक्षिण मुंबईत कसेबसे पन्नास टक्के. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूरला सत्तरच्या वर, नक्षलवाद्यांची भीती, मैलोगणती चालत येणं, सगळं धरून. त्या दिवशी उकाडा भयंकर होता आणि काही बूथवर रांग हलत नव्हती हे मान्य, पण गडचिरोलीत काय एसी लावले होते? आम्ही नावं तपासायला टॉवरमधे जातो तेव्हा गेटवरून इंटरकॉम लागतो, वरून आवाज येतो 'वॉचमनकडे ठेवून जा'. झोपडपट्टीत मात्र बायका ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढून दाखवतात आणि बाई नाव कापलं तर नाही ना म्हणून दहा वेळा विचारतात.

दुसरं, मूल्यांबद्दल. आमच्याकडे रोज सकाळी प्रतिज्ञा होते, बालभारतीच्या पहिल्या पानावरची, तुम्ही सगळ्यांनी म्हटलेली. ती १९६२ मधे पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली, विशाखापट्टणमला ट्रेझरीत अधिकारी होते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. आमच्या मनपाच्या शाळा आठ माध्यमांच्या, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी. आमच्या इमारतीत खाली मराठी, वरच्या मजल्यावर उर्दू. प्रार्थनेला दोन्हीकडची मुलं एकाच वेळी ओरडतात, काही कळत नाही, नुसता गलका. तेच वाक्य मात्र दोन्हीकडे, सारे भारतीय माझे बांधव आहेत. त्यातला एक मुलगा मधेच शाळा सोडून गेला. वडील रिक्षा चालवतात, आई शिवण करते, भाड्याची खोली सोडायला लागली आणि जवळपास दुसरी मिळेना. डिपॉझिट होतं हातात. आडनाव सांगितलं की खोली 'आत्ताच गेली'. आता भिवंडीला असतो.

बांगडा_फ्राय
फळा_खडू ताई +१०००. आडनावावरून घर नाही हे जुनं झालं, आम्हाला तर मासे खातो म्हणून नाही. आमचं घराणं वेसाव्याचं, मुंबई वसली तेव्हापासून इथेच, आणि पश्चिम उपनगरात ब्रोकर फोनवर पहिला प्रश्न विचारतो 'खाना कैसा है आपका'. मी म्हटलं छान असतो, या जेवायला. फोन कट. त्याच बिल्डिंगच्या गेटवर हा एवढा मोठा तिरंगा.

चाळकरी काका, एक विचारू? तुमच्या टॉवरमधे मुसलमान भाडेकरू घेतात का?

तिरकस
शंभरी लांब नाही.

चाळकरी
हे विषयांतर होतंय. पण विचारलंच आहे तर, तसा लेखी नियम काही नाही. कमिटी बघते. मालक आपापलं ठरवतात. सेफ्टीचा प्रश्न असतो, पोलिस व्हेरिफिकेशन असतं, लहान मुलं असतात. याचा देशभक्तीशी काय संबंध ते मला कळलं नाही.

बांगडा_फ्राय
कळलं उत्तर.

काळाकोट
पोलिस व्हेरिफिकेशन सगळ्याच भाडेकरूंचं असतं, त्यासाठी आडनाव लागत नाही. कायद्याची बाजू दुर्दैवाने फार मजबूत नाही. २००५ मधे गुजरातच्या एका पारशी सोसायटीच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवता येतं. घटनेतला भेदभावबंदीचा कलम १५ मुख्यतः सरकारसाठी, दुकानं-हॉटेलं-विहिरी यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या फ्लॅटचा नाही. म्हणजे सगळं मूल्यांवरच येऊन पडतं, चाळकरी, तुम्हाला हवं होतं तसंच. 'आतून' आलं तर आलं.

सातारी_जवान
म्या बराच वेळ वाचतुय. सतरा वर्सं फौजेत काढली, आता मुंबईत एका टॉवरला सिक्युरिटी सुपरवायझर हाय. माझ्या हाताखालच्या पोरांत चार जण माजी सैनिक. धागा काढणाऱ्या काकांनी लिवलंय झेंडावंदनाला वॉचमन, सफाईवाले, माळी आलते. साहेब, आमाला यावंच लागतंय, दोरी आमीच बांधतो, फुलं आमीच भरतो, जिलबी आमीच वाटतो. उगं आमचा आकडा देशभक्तीत धरू नका.

आमच्या टॉवरात पंधरा ऑगस्टला माइकवरनं सैनिकांना सलाम ठोकत्यात. आन त्याच गेटवर रात्रपाळीच्या माणसाला खुर्ची नाही, कमिटीनं काढून घेतली, झोपत्यात म्हणून. त्यो माणूस सियाचीनला जाऊन आल्याला, गुडघे गेलेत त्याचे. लिफ्टपण येगळी, सामानाची. तुकाराम ओंबळे साहेब आमच्याच जिल्ह्यातले, केडंब्याचे, तेबी आधी फौजेत सिग्नलला होते मग पोलिसात. गिरगाव चौपाटीला हातात बंदूक नव्हती, कसाबच्या रायफलची नळी धरली ती सोडली नाही. अशोक चक्र मिळालं. त्येंच्या पुतळ्याला हार घालायला समदे येत्यात, चांगलं हाय. पण ओंबळे साहेब रिटायर हून वॉचमन झालं असतं तर तुमच्या बिल्डिंगीत कुठल्या लिफ्टनं गेलं असतं येवढं सांगा.

तरुण पोरांबद्दल मला तक्रार नाही. भरतीला अजून पहाटे चारला पोरं पळायला येत्यात, गावाकडं या, दाखवतो.

सव्वाआठची_लोकल
_/\_

इतिहासवेडा
सातारी_जवान, एक पूरक. होमगार्ड ही संघटना मुंबईतच सुरू झाली, ६ डिसेंबर १९४६. शहरात दंगे चालू होते, मोरारजी देसाई गृहखातं बघत होते, सामान्य नागरिकांनी पोलिसांना मदत करून शेजाऱ्यांना वाचवायचं हा हेतू. युद्ध परदेशाशी नव्हतं, आपलंच घर सांभाळायचं होतं. आज होमगार्डचा जवान बंदोबस्तात उन्हात उभा असतो, आपण त्याच्याकडे बघतपण नाही.

टोरांटोकर
माझ्या आईवडिलांच्या बिल्डिंगमधेही सामानाची लिफ्ट आहे, कामवाल्या मावशींना तीच. लहानपणापासून बघत आलो, कधी काही वाटलं नव्हतं.

संपादक मंडळ
काही प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धर्मावरून शेरेबाजी करणाऱ्या सदस्यांना समज दिली आहे. पुन्हा तसं झालं तर धागा वाचनमात्र होईल.

चाळकरी
दोन दिवस मुद्दाम आलो नाही इथे. बांगडा_फ्राय, तुमचा टोमणा कळला. माझं म्हणणं अजूनही हेच आहे की उभं राहावं, मत द्यावं, झेंडा रस्त्यात पडलेला दिसला तर उचलावा, आणि हे पोरांना घरात शिकवलं पाहिजे, याच्यात मागास काही नाही. थिएटरवरून नातवाशी भांडण चालूच राहणार.

खुर्चीचं मात्र सेक्रेटरीशी बोललो. आमच्याकडे खुर्ची आहे पण गेटला शेड नाही, पावसात पोरं छत्री धरून उभी असतात, हे बाविसाव्या मजल्यावरून दिसत नाही. शेडचं कोटेशन मागवलंय. भाडेकरूंचं विचारलं तर सेक्रेटरी म्हणाला 'काका तुम्ही कशाला त्यात पडताय, जनरल बॉडीत विषय आला तर बघू.' आता मी विषय आणला तर लोक काय बोलणार ते मला माहिती आहे, चाळीपासूनचे शेजारी आहेत, पन्नास वर्षांची ओळख. आणि खरं सांगायचं तर सेफ्टीचं मला पूर्ण पटलेलं नाही अजून, पण लेखी नियम नसताना तोंडी नियम चालतो हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला बरं वाटत नाही.

काळाकोट
विषय आणायचाच असेल तर उशीर करू नका. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस १४ दिवस आधी निघते, म्हणजे तुमचं पत्र त्याच्याआधी कमिटीकडे पोचलेलं हवं. पत्र लेखी द्या, पोच घ्या. आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' यात ढकलू देऊ नका, तोपर्यंत निम्मे लोक समोसा घेऊन उठलेले असतात.

फळा_खडू
आणि त्याच पत्रात एक ओळ माझीही टाका काका, मतदार यादीवाल्या बाई आल्या तर त्यांना वर सोडा म्हणून. कुठल्या का लिफ्टने असेना.

चाळकरी
टाकतो. पोच घेतली की फोटो टाकतो इथे.

तिरकस
शंभरी झाली नाही, निराशा. सभेनंतर भाग दोन काढा, तेव्हा होईल.